पाणी मारणाऱ्याची हजेरी कापून घर स्वस्त होतं का?

ओळंबा:
ताबा मिळून तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या टाइल्सवर नाण्यानं टकटक करून पाहिलं. तीन-चार ठिकाणी पोकळ आवाज. खालच्या काकूंच्या छताला ओल धरलीय. दुरुस्तीला आलेला मिस्त्री आमच्याच इमारतीवर पूर्वी कामाला होता. म्हणाला, "साहेब, इथला पाणी मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशीच हलवला होता."

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. साध्या सिमेंटचं काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून किमान सात दिवस ओलं ठेवायचं, हे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, लिहिलेलं आहे. प्लास्टरलाही पाणी लागतंच. सात दिवस म्हणजे एका बिगाऱ्याच्या सात हजेऱ्या, सात दिवसांची मजुरी. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री तिथे लागते, कारण न मारलेलं पाणी ताब्याच्या दिवशी दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: गवंडी आणि बिगारी यांना पायापासून ताब्यापर्यंत त्या साइटवर कामाची हमी द्या. घर थोडं महागलं तरी चालेल.

साइटवरचा:
दादा, गळतीबद्दल वाईट वाटलं. पण अठरा वर्षं साइटवर काढल्यावर सांगतो, ही हमी चालणार नाही. पायाच्या वेळी खोदाईवाले आणि सळईवाले लागतात, फरशीवाला लागत नाही. शेवटी फरशीवाला लागतो, सळईवाला लागत नाही. सगळ्यांना शेवटपर्यंत ठेवायचं तर निम्मे दिवस बसून पगार द्यावा लागेल. शिवाय मोठ्या प्रकल्पांत आता मिवान आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदम ओततात. विटा नाहीत, बाहेरून प्लास्टर जवळपास नाही, आठ-दहा दिवसांत मजला वर. भिंत ओळंब्यात येते आणि घर वेळेत मिळतं. गवंड्याचं काम कमी होतं, हे मान्य. पण त्याची रोजी टिकावी म्हणून जुन्या पद्धतीनं बांधायचं का?

हप्ता_अधिक_भाडं:
मी साइटवरच्यांच्या बाजूनं. "थोडं महागलं तरी चालेल" हे ज्याला ताबा मिळालाय त्यानं म्हणणं सोपं आहे. मी दर महिन्याला घराचा हप्ताही भरते आणि भाडंही. परवडणाऱ्या घराची मर्यादा ४५ लाख. त्यात बसतं म्हणून १ टक्का जीएसटी लागला, वर गेलं की ५ टक्के. मला त्या मजुराबद्दल कळवळा नाही असं नाही, पण त्याच्या सुरक्षिततेचा भार माझ्या चौरस फुटावर टाकू नका.

गवंड्याचा_मुलगा:
ताई, तो भार तुमच्या चौरस फुटावर आधीच आहे. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला १ टक्का उपकर बांधकामाच्या खर्चावर घेतला जातो. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. बिल्डर तो खिशातून भरत नाही, किमतीत धरतो. म्हणजे पैसे तुम्ही दिलेत. प्रश्न ते माझ्या वडिलांपर्यंत पोहोचतात का, हा आहे.

वडिलांनी लातूरहून येऊन तीस वर्षं थापी धरली. मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, मुकादम नेईल तिकडे जायचं. चार महिन्यांत सहा साइट. दाखल्यावर सही कोण करणार? ठेकेदार म्हणायचा मुकादमाकडे जा, मुकादम म्हणायचा मी कुठे मालक. उपकराचे हजारो कोटी राज्याराज्यांत पडून राहतात यावरून सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये सरकारांना फटकारलं होतं.

आणि मिवान आलं म्हणून रडत नाही मी. साचे लावायलाही माणसं लागतात. त्यांना ते शिकवा ना! पण शिकलेल्या माणसालाही उद्याची हजेरी माहीत नसेल, तर तो घाईच करणार. वडील सांगायचे, ज्या मालकानं पावसाळाभर ठेवलं त्याच्या भिंतीवर हात दोनदा फिरायचा.

साइटवरचा:
दाखल्याचं खरं आहे. सही करायची म्हणजे हा माणूस आपला होता हे मान्य करायचं, म्हणून ठेकेदार टाळतो. मी पाहिलंय. तरी माझा मुद्दा तोच: सुरक्षितता बिल्डरनं नव्हे, मंडळानं द्यावी. भांड्यांचे संच वाटण्याऐवजी काम बंद असेल त्या दिवसांचा भत्ता द्या. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत प्रदूषणामुळे बांधकामं थांबवली, तेव्हा तिथल्या सरकारनं नोंदणीकृत कामगारांना ५,००० रुपये जाहीर केले. आपल्याकडे त्याच वर्षी करोनाच्या निर्बंधांत १,५०० होते. पावसाळ्यासाठी तसं का नाही?

ओळंबा:
भत्त्याला माझाही पाठिंबा. सगळ्यांना शेवटपर्यंत ठेवायची माझी मागणी सरसकट होती, ती मागे घेतो. पण पाणी मारणाऱ्याचं उत्तर मिळालेलं नाही. मंडळानं त्याला घरी बसल्याचे पैसे दिले तरी माझ्या प्लास्टरला पाणी कोण मारणार? त्या सात हजेऱ्या बिल्डरच्याच. रेरा या घरखरेदीच्या कायद्यामुळे ताब्यापासून पाच वर्षांतले बांधकामाचे दोष त्यानं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे असतात. आता फरशी उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च सात हजेऱ्यांपेक्षा किती तरी जास्त आहे.

साइटवरचा:
हे कबूल. पाणी मारण्याची हजेरी प्लास्टरच्या दरात धरू नये, वेगळी लावावी. दरात धरली की ती हमखास खाल्ली जाते.

हप्ता_अधिक_भाडं:
एवढाच खर्च असेल तर माझी हरकत नाही. बाकीचा भार घेणार नाही, हे तरी म्हणतेच. रविवारी आमची साइट भेट आहे. नववा मजला प्लास्टरला आलाय. भिंतीला हात लावून बघते ओली आहे का, आणि पाणी मारतं कोण तेही विचारते.