चांदीकाम शिकायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न: आजीचे तुटलेले पैंजण स्वतः जोडून लेकीच्या पायात घालावे, या इच्छेने मी चांदीकाम शिकू पाहते आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर १: पैंजणाला लगेच हात लावू नका. तांब्याच्या तारेवर डाख (सांधा जोडण्यासाठी वितळवतात तो मिश्रधातू) देण्याचा सराव करा, कारण चांदी सुमारे ९६१ अंश सेल्सिअसला वितळते आणि डाख तिच्याआधी सांध्यात धावला पाहिजे; डाख नीट पसरावा म्हणून टाकणखार (बोरॅक्स) लावा आणि ज्योत सतत फिरती ठेवा, नाही तर बारीक कडीचा क्षणात गोळा होतो.

उत्तर २: कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीत हे काम घरोघरी चालते, तेथे प्रत्यक्ष पाहावे. सांधा घासून दिसेनासा करण्याचा अट्टहास मात्र, माझ्या मते, नको.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. झिजलेल्या कड्या तशाच ठेवीन.