झेनॉन एमआरआय: चित्र फिकं येतं तेव्हा आधी पिशवी तपासा

एकाने विचारलंय, एमआरआयसाठी पिशवीतून श्वासावाटे दिला जाणारा झेनॉन-१२९ वायू पूर्ण मात्रेत देऊनही फुप्फुसाचं चित्र फिकं का? माझा पहिला संशय ऑक्सिजनवर. पिशवीत थोडी हवा राहिली तरी झेनॉनचं ध्रुवीकरण (अणुकेंद्रं मुद्दाम एका दिशेला वळवलेली असणं, सिग्नल त्यातूनच मिळतो) झपाट्याने उतरतं, म्हणून भरण्याआधी ती नायट्रोजनने धुऊन पार चपटी होईपर्यंत रिकामी करा. फुप्फुसात गेल्यावर तर २०-एक सेकंदांत जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. त्यामुळे रुग्णाने नेहमीसारखा श्वास सोडून वायू ओढायचा, १०-१५ सेकंद रोखायचा आणि स्कॅन तेवढ्यातच उरकायचा. खोकला आला की मात्रा वाया. आधी साध्या हवेच्या पिशवीवर सराव घ्याच. खर्च झालेलं ध्रुवीकरण परत भरत नाही, म्हणून फ्लिप अँगल (प्रत्येक रेडिओ स्पंदाने ते किती वळवायचं तो कोन) लहानच हवा. कॉइलही (सिग्नल पकडणारा अँटेना) झेनॉनचीच: १.५ टेस्लाच्या चुंबकाला सुमारे १७.७ मेगाहर्ट्झ, नेहमीच्या एमआरआयची हायड्रोजनसाठीची ६४ची नाही.