सेकंड स्टेज घेताना ग्रॅम मोजायचे का? जबडा उजवीकडून दुखतो

तारकर्ली_किनारा:
सध्याची सेकंड स्टेज (स्कूबा रेग्युलेटरचा तोंडापाशी येणारा, श्वासाला हवा देणारा भाग) धातूच्या कव्हरची आहे. होज, म्हणजे टाकीकडून हवा आणणारी नळी, रबरी, ७५ सेंटिमीटर, खांद्यावरून येणारा. किल्ल्याभोवती १० ते १२ मीटरवर दिवसाला तीन डाइव्ह झाल्या की जबड्याची उजवी बाजू अवघडते. दुकानात प्लास्टिकची खूप हलकी सेकंड स्टेज दाखवतात, किंमत मात्र जड. वजन कमी झालं की दुखणं थांबेल का?

सर्व्हिस_बेंच_मालवण:
एकच बाजू दुखते म्हणजे आधी होज तपासा, वजन नंतर. दुकानात हातात घेऊन केलेला अंदाज पाण्यात टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात १०० ग्रॅम पितळ साधारण ८८ ग्रॅमचं उरतं, १०० ग्रॅम प्लास्टिक जेमतेम १०-१२ ग्रॅमचं. त्यात डायाफ्रामच्या (सेकंड स्टेजमधला लवचीक पडदा) आतल्या बाजूला हवा असते, तीही वर उचलते. त्यामुळे धातूची सेकंड स्टेज थोडी खाली ओढते हे खरं, पण ती सरळ खाली ओढते, उजवीकडे नाही.

५ मीटरवर स्थिर राहा, दात सैल सोडा आणि माऊथपीस (तोंडात धरायचा मऊ तुकडा) फक्त ओठांनी धरा. मान हळूहळू डावीकडे वळवा. माऊथपीस उजव्या कोपऱ्यातून निसटू लागला तर होज तोकडा पडतोय. समोर बघताना तो गालात रुतत असेल तर होज लांब आहे किंवा फार ताठ आहे. पाण्याला ओढ असली की होजचा बाहेर आलेला वळसा शिडासारखा ताणला जातो आणि सगळा भार दातांवर येतो.

यावर चांगला उपाय म्हणजे होज काखेखालून घ्यायचा: साधारण १०० सेंटिमीटर लांबीचा, आणि सेकंड स्टेजपाशी फिरणारा एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड). एल्बोमुळे ओ-रिंगचे (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) सांधे वाढतात, म्हणून दर सर्व्हिसला त्या बदला. नट फिरवताना दोन पाने लागतात, एकाने सेकंड स्टेजचा इनलेट धरून ठेवायचा. तो सोबत फिरला तर आतलं ऑरिफिसचं (हवा येण्याचं छिद्र) सेटिंग हलतं आणि रेग्युलेटर गळायला लागतो.

देवबाग_डाइव्हर:
होजचं पटतं, पण दादा, माऊथपीसचा टॅब (दातांत धरायची पट्टी) दातांमागे नुसता टेकायला हवा, चावायचा नसतो. टॅब आखूड असेल तर पुढच्या दातांनीच धरावं लागतं, फार लांब असेल तर मागे हिरडीला टोचून उमासा येतो. गरम पाण्यात बुडवून स्वतःच्या चाव्याचा साचा घेता येतो असे माऊथपीस मिळतात. नवीन रेग्युलेटरच्या मानाने ते अगदीच स्वस्त, म्हणून पहिला खर्च तिथेच करा. माऊथपीस बांधणाऱ्या झिप-टायची गाठ ओठाला लागणार नाही अशी वळवा आणि शेपटी अगदी कडेला कापा. जुन्या टॅबला चीर गेली असेल तर वाट न बघता बदला, तुटलेला तुकडा पाण्याखाली तोंडात येणं वाईट.

सर्व्हिस_बेंच_मालवण:
आणखी एक तपासा. श्वास ओढायला जड जात असेल तर माणूस नकळत दात आवळतो. टाकी उघडा, श्वासाचा जोर जुळवायचा नॉब असल्यास पूर्ण सैल करा. बादलीत पर्ज (सेकंड स्टेजच्या पुढचं हवा सोडायचं बटण) खाली आणि माऊथपीस वर ठेवून सेकंड स्टेज हळूहळू बुडवा, माऊथपीसचं तोंड पाण्याबाहेरच राहू द्या. हवा फुसफुसायला लागली की डायाफ्राम पाण्याखाली किती आहे ते मोजा. २.५ ते ३.५ सेंटिमीटर ठीक. ५ च्या पुढे गेलं तर सर्व्हिसला द्या. १ वर सुरू झालं तर ती जराशा धक्क्यानेही फ्रीफ्लो करेल, म्हणजे आपोआप हवा सोडत राहील.

तारकर्ली_किनारा:
मऊ म्हणून विणलेला होज घेऊ का?

देवबाग_डाइव्हर:
हलका आणि लवचीक असतो हे खरं. पण काहींच्या आतली नळी पॉलियुरेथेनची असते. दमट-उष्ण हवेत ती झिजून आत स्फटिक धरते, हवा अडते. बाहेरून काही दिसत नाही. आपल्याकडे आगोटीला गियर बांधून ठेवायचं ते थेट पावसाळा संपल्यावर उघडायचं, म्हणून या हवेला रबरीच बरा. विणलेला घेतलाच तर बनवल्याची तारीख बघा आणि प्रत्येक सीझनआधी काढून आरपार बघा. ठेवण्याआधी गोड्या पाण्यात भिजवताना पर्ज दाबू नका, टाकीचा दाब नसताना व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) जातं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली (सोडलेला श्वास बाहेर जायची झडप) वाळूचा कण राहिला तर प्रत्येक श्वासाला तोंडात पाणी येईल, तो भाग नीट धुवा.