लाइट शीट आधी काचेसाठीच वापरली गेली

लाइट शीट मायक्रोस्कोपी (नमुन्यात बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा सोडून काटकोनातून बघायची पद्धत) मूळची जीवशास्त्राची, मटेरियल सायन्सवाल्यांनी ती आता उसनी घेतली, असं एक म्हणणं आहे. मला वाटतं गोष्ट जवळजवळ उलटी आहे. १९०३ च्या सुमारास सीडेनटोफ आणि झिगमोंडी या शास्त्रज्ञांनी बाजूने प्रकाशाची अरुंद पट्टी सोडून, काटकोनातून बघत, लाल काचेतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण टिपले. (ते विखुरलेला प्रकाश बघत होते, प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून रेणूंनी स्वतः सोडलेला प्रकाश नव्हे, एवढा फरक.) भ्रूणांची चित्रं घेणारी आजची पद्धत हायडेलबर्गहून आली, ती थेट २००४ मध्ये.

हायड्रोजेलसाठी (पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं) ही पद्धत मला फार आवडते. जेल म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) पाण्याच्या जवळ आणि प्रकाश सरळ आत जातो. एका वेळी एकच पातळ थर उजळतो, बाकीच्या नमुन्यातला रंग विनाकारण उडत नाही. म्हणून जेल फुगताना किंवा रंगीत रेणू त्यात झिरपताना तासन्‌तास त्रिमितीत बघता येतं. कॉन्फोकलमध्ये (लेझरचा बिंदू फिरवत चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) फोकसबाहेरचे थरही दरवेळी भाजून निघतात.

अडचण येते ती मिश्र पदार्थांत. जेलमध्ये सिरॅमिकचे कण घातले की प्रत्येक कणामागे काळी सावली पडते आणि चित्रात पट्टे उमटतात. शीट वेगवेगळ्या कोनांतून फिरवली की पट्टे बरेच पुसट होतात. पण नमुना मुळातच दुधाळ असेल तर त्यापुढे फारसा उपाय नाही, तिथे सरळ एक्स-रे टोमोग्राफीच (सीटी स्कॅनसारखी) करावी.