सोलताना मटणाला केस चिकटतात, काय चुकतंय?

शिकाऊ_खाटीक: बोकड सोलताना मांडीवर आणि खांद्यावर केस चिकटतात, धुतले तरी निघत नाहीत. पोट काढताना अधूनमधून घाणही सांडते. जाणकारांनी सांगावं.

मुठीचा_मारा: अंग ओलं असेल तर सोलायला घेऊच नका. सुरीचं टोक कातडीखाली घालायचं, धार वर ठेवायची आणि आतून बाहेर कापायचं. बाहेरून आत कापलंत की तुटलेले केस थेट मांसावर पडतात. एक हात केसांचा, एक मांसाचा. अदलाबदल झाली की हात आणि सुरी दोन्ही धुवा. मांड्या मोकळ्या झाल्या की सुरी बाजूला ठेवून मुठीने कातडं दाबत उतरवा. मांसावरचा पातळ पापुद्रा फाटता कामा नये. कातड्याला चिरा पडल्या की भावही पडतो, ते वेगळंच. चिकटलेले केस सुरीच्या टोकाने उचला. पाण्याने ते नुसते पसरतात.

कोथळा_तज्ज्ञ: घाण सांडते त्याचं मूळ आदल्या दिवसात आहे. 12 ते 24 तास चारा बंद, पाणी मात्र चालू. कोथळा तट्ट भरलेला असला की जरासा धक्काही पुरतो. पोट उघडण्याआधी अन्ननळी सुटी करून गाठ मारा. गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन तेही दोऱ्याने बांधा. पोट चिरताना दोन बोटं आत घालून त्यांच्यामधून धार बाहेरच्या बाजूने न्या. पित्ताची पिशवी सोडवताना कलेजीचा तुकडा सोबत गेला तर जाऊ द्या, पिशवी फुटण्यापेक्षा ते परवडलं.

शिकाऊ_खाटीक: आणि मांस काळपट, चिकट का होतं?

मुठीचा_मारा: जनावर पळवून, ओढून दमवलं की स्नायूंतली साखर संपते. मग कापल्यानंतर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. मांस गडद राहतं आणि लवकर नासतं. आणल्या आणल्या कापू नका, सावलीत शांत उभं राहू द्या.

कोथळा_तज्ज्ञ: एक राहिलं. कलेजीवर किंवा फोपशावर पाण्याने भरलेले फोड दिसले तर तो अवयव कुत्र्यापुढे टाकू नका. फोडातला जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि चाऱ्यातून जनावरांत, हातातोंडातून माणसांत जातात. जाळा, नाहीतर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.