'टोन्ड' रुपया म्हणजे काळवंडलेला रुपया का?

शब्दशोधक: नाण्यांच्या एका सूचीचं मराठीकरण चालू आहे. 1911 च्या चांदीच्या रुपयापुढे लिहिलंय 'लाइटली टोन्ड, अबाउट एक्स्ट्रीमली फाइन, स्केअर्स'. मी 'किंचित काळवंडलेला, जवळजवळ उत्कृष्ट, दुर्मिळ' असं केलं. संग्राहकाची 'काळवंडलेला'वर सक्त हरकत आहे. योग्य शब्द कोणता?

जुनीनाणी: हरकत बरोबर आहे. 'काळवंडलेला'मध्ये दोष येतो. हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. थर पातळ असताना पिवळसर सोनेरी, वाढला की तांबूस-जांभळा, मग निळा आणि शेवटी काळा. रंग थराच्या जाडीचा आहे. सुरुवातीच्या रंगांना संग्राहक मान देतात, काळ्याला नाही. 'सोनेरी झाक' असं रंगासकट लिहा.

मोडीवाचक: झाक ठीक. पण अशाच सूचीत पुढे 'लस्टर' येईल, तेव्हा 'चकाकी' लिहू नका. चकाकी घासूनही येते. मोत्याला पाणी असतं, तसं नाण्यालाही 'पाणी' म्हणावं.

जुनीनाणी: पाणी नको! 'सोन्याचं पाणी दिलेलं' म्हणजे मुलामा. सूचीत 'पाणी चांगलं' वाचून लोक रुपया मुलाम्याचा समजतील. 'टांकसाळीची झळाळी' म्हणा. ती ओळखायची रीत अशी: नाणं कडेने धरा, एकाच दिव्याखाली हळूहळू कलवा. ठशाच्या दाबाने धातू वाहून ज्या बारीक रेषा उमटतात, त्यांच्यावरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, सगळीकडे एकसारखा चमकतो आणि भिंगाखाली समांतर चरे दिसतात. सफाईच्या द्रावात बुडवलं तर थराबरोबर धातूचा पापुद्राही जातो. वारंवार बुडवलेलं नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं.

मोडीवाचक: मुलाम्याचं पाणी 'दिलेलं' असतं, मोत्याचं पाणी 'असतं'. क्रियापदच फरक सांगतं. आपलाच शब्द आपण का टाकायचा?

सराफीभाषा: 'उत्कृष्ट'ही फसवा. 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणजे फक्त सर्वात उंच भागांवर, म्हणजे भुवई, कानावरचे केस, मुकुटाचा माथा इथे अगदी थोडी झीज. 'व्हेरी फाइन'मध्ये केसांच्या बटा एकमेकींत मिसळू लागतात. 'उत्कृष्ट' लिहिलं तर न वापरलेल्या नाण्याला काय म्हणणार? मी 'अल्पझीज', 'मध्यमझीज', 'कोरं' असं लिहीन. कलदार रुपयाला एवढं पुरतं.

मोडीवाचक: कलदार म्हणजे कलाकुसरीचा ना?

सराफीभाषा: नाही. 'कल' म्हणजे यंत्र, मराठीतली 'कळ'. हाताने हातोड्याखाली पाडलेल्या रुपयापेक्षा वेगळा, तो कलदार.

जुनीनाणी: आणि 'दुर्मिळ' जपून वापरा. पाडलेली संख्या आणि उरलेली संख्या वेगळी. 1911 च्या रुपयावर पाचव्या जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. नाणी मागे घेऊन वितळवली, 1912 पासून हत्ती बदलला. 1939 चा रुपया लाखांनी पाडला, तरी मिळता मिळत नाही. उलट 1862 हे साल पुढे बरीच वर्षं तसंच छापत राहिले. त्यातला मुंबई टांकसाळीचा रुपया कोणत्या वर्षीचा, हे सालाजवळचे ठिपके मोजल्याशिवाय कळत नाही.

सराफीभाषा: म्हणूनच दोन शब्द हवेत. उरलेली नगसंख्या कमी असेल तर 'दुर्मीळ'. नग भरपूर, पण कोरा मिळत नसेल तर 'कोरा दुर्लभ'.

मोडीवाचक: 'दुर्मीळ' दीर्घ?

सराफीभाषा: मिळणे मराठी धातू, शब्द तत्सम नाही, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही. अकारान्त, म्हणून उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, दीर्घ.

मोडीवाचक: 'दुर्' संस्कृत, 'मिळ' मराठी. अशा जोडशब्दाला एकाच बाजूचा नियम कसा लावता? वापरात ऱ्हस्वच आहे.

शब्दशोधक: ऱ्हस्व की दीर्घ ते ठरेलच. पण 'लाइटली' गेलं कुठे? 'सोनेरी झाक' की 'फिकट सोनेरी झाक'?

सराफीभाषा: झाक फिकटच असते. आधी मिळ-मीळ पाहू. 'गरीब', 'जमीन' कसं लिहिता?