कौन्सिल पोरांच्या गाडीच्या चकरांवर बंदी आणतंय, बोलायला जाऊ का?

दोघांची_आई
नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत छोट्या गावात राहणारं कुणी असेल तर सांगा प्लीज. आमच्या सिटी कौन्सिलच्या अजेंड्यावर येत्या मंगळवारी क्रूझिंगवर बंदीचा प्रस्ताव आहे. शुक्रवारी-शनिवारी रात्री हायस्कूलची पोरं मेन स्ट्रीटवरून गाडीने टोकापर्यंत जातात, तिथल्या पार्किंग लॉटमध्ये वळतात, परत येतात, परत जातात, दोन-दोन तास हेच, जायचं कुठेच नसतं. माझा थोरला १७ चा, तोही त्यात. मला फार कौतुक आहे असं नाही, गाडी आमची, पेट्रोल आमचं, पण निदान कुठे आहे ते तरी कळतं. मसुद्यात म्हटलंय दोन तासांत एकाच पॉइंटवरून तिसऱ्यांदा गेलं की दंड. मग मित्राला आणायला-सोडायला गेला तर ते पण मोजणार का? नवरा म्हणतो आपण बाहेरून आलेलो, कशाला पुढे पुढे करतेस.

कोपऱ्यावरचं_घर
ताई राग मानू नका, पण मी बंदीच्या बाजूचा. आमचं घर अशाच रस्त्याला लागून आहे. सायलेन्सरचं एक वेळ सोडा, कानात बोळे घालून झोपता येतं. पण मागच्या उन्हाळ्यात वडिलांना धाप लागली तेव्हा ॲम्ब्युलन्स दोन चौक अलीकडे अडकून पडली. पोरं वाईट नव्हती हो, बाजूला व्हायला जागाच नव्हती, एक जण तर खाली उतरून मागच्या गाड्यांना हाताने मागे घ्यायला लावत होता. तो प्रकार बघितल्यापासून मला 'मुलांना जरा मजा करू द्या' ऐकवत नाही.

मसुदा_वाचणारा
हा तिसऱ्या फेरीचा फॉर्म्युला जुनाच आहे. पेनसिल्व्हेनियात यॉर्क शहराचा असाच नियम कोर्टात गेला होता, १९९० मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (म्हणजे त्या भागाच्या फेडरल) अपील कोर्टाने तो टिकवला. माणसाला राज्याच्या आतल्या आत फिरण्याचा हक्क आहे हे कोर्टाने मान्य केलं, पण ठरावीक रस्ता आणि ठरावीक वेळ एवढ्यापुरतं बंधन चालेल म्हणाले, आणि त्यात वर दादांनी सांगितलेला ॲम्ब्युलन्सचा मुद्दा होताच. त्यामुळे 'हे घटनाविरोधी आहे' असं भाषण ठोकू नका, तिथला वकील लगेच हीच केस काढेल.

दुसरी बाजू कॅलिफोर्नियाची. तिथे मेक्सिकन-अमेरिकन लोरायडरवाल्यांनी (मुद्दाम खाली बसवलेल्या, सजवलेल्या गाड्या हळूहळू फिरवणारे) वर्षानुवर्षं भांडून सॅन होजे आणि सॅक्रामेंटोच्या बंद्या २०२२ मध्ये उठवायला लावल्या, आणि १ जानेवारी २०२४ पासून तर राज्याच्या कायद्यानेच शहरांचा हा अधिकार काढून घेतला. त्यांचं म्हणणं होतं की पोलीस फेऱ्या मोजत नाहीत, चेहरे बघतात. आपल्या मुलांचे चेहरे कसे दिसतात ते मी सांगायला नको.

तुमच्या मसुद्यात एवढं बघा: दंड ड्रायव्हरला की गाडीच्या मालकाला (म्हणजे तुम्हाला!), आधी लेखी वॉर्निंग आहे का, पॉइंटवर बोर्ड लावणार का, आणि कामासाठी जाणाऱ्याला सूट कुठे लिहिलीय. आणायला-सोडायला जाण्याचं उत्तर या शेवटच्या ओळीत मिळेल, नसेल तर तीच मागा.

आता_एकोणीस
मराठी लिहायची सवय गेलीय, सांभाळून घ्या. आम्ही पण हेच करायचो. काकू, आम्ही जाणार कुठे सांगा ना, मॉलमध्ये वीकेंडला रात्री मोठं माणूस बरोबर नसेल तर आत सोडत नाहीत, पार्क अंधार पडला की बंद, आणि कुणाच्या घरी बसलो की दर दहा मिनिटांनी कुणीतरी काय हवं नको बघायला येतंच. आमच्याकडे बंदी आली तेव्हा आम्ही काय घरी नाही बसलो, गोदामांच्या मागच्या रस्त्यावर गेलो, तिथे ना दिवे ना सिग्नल ना माणसं. मेन स्ट्रीटवर ताशी २० मैलाच्या वर जाताच येत नाही, पुढे गाडी असते. तिथे मोकळा रस्ता. एका मित्राची गाडी खांबाला धडकली, वाचला, पण अजून नीट चालत नाही. हे कौन्सिलला कुणी सांगितलंच नाही कारण आमच्यातलं कुणी मीटिंगला गेलंच नव्हतं.

कोपऱ्यावरचं_घर
हे गोदामाचं डोक्यात आलं नव्हतं. तरी एक लेन मोकळी हवीच, त्यावर मी हटणार नाही.

मसुदा_वाचणारा
मग तेच मागा की दोघं मिळून. आवाज, स्पीड, रस्ता अडवणं, याला कायदे आधीच आहेत, फेरी मोजण्यापेक्षा ते वापरा म्हणावं. ताई, पब्लिक कमेंटला बहुतेक ठिकाणी तीनच मिनिटं देतात, सुरू होण्याआधी क्लार्ककडे नाव द्या. आणि बऱ्याच गावांत असे नियम दोन वेळा मीटिंगपुढे येतात, तेव्हा मंगळवारी हरलात तरी संपलं असं नाही.

दोघांची_आई
मसुदा परत वाचला, मालकाचं नाव आहे त्यात 🙂 हे कळल्यावर नवरा स्वतःच येतो म्हणाला. थोरल्याला म्हटलं तूच बोल, तर म्हणे मित्र हसतील. शेवटी एका अटीवर तयार झाला, मी मागच्या रांगेत बसायचं आणि व्हिडिओ काढायचा नाही.